‘शेवटचं किती?’ विचारण्याआधी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळचे प्रश्न जवळपास सगळे एकाच प्रकारच्या दुकानासमोरचे आहेत. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, ओळीने लावलेल्या पॉलिश केलेल्या मोटारसायकली, आणि ‘बसा, चहा घ्या, भावाचं बघू’ म्हणणारा डीलर. चहा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : होंडा शाइन १२५ पाहिली. ऑगस्ट २०२१ चे पासिंग, ३१ हजार किलोमीटर, सिंगल ओनर. डीलर ६४ हजार सांगतो आणि ‘दोन हजार कमी करतो, तेही तुमच्यासाठी’ म्हणतो. नवी गाडी शोरूममध्ये ९८ हजार ऑनरोड सांगितली. मी किती म्हणावे? — एक वाचक, कराड

उत्तर : दुकानात उभे राहून आकडा सुचत नसतो. आदल्या दिवशी घरी वहीत तीन ओळी लिहा.

पहिली ओळ बाजाराची. हेच मॉडेल, हेच साल (फार तर एक वर्ष इकडेतिकडे), सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या किमान पाच जाहिराती शोधा. समजा ५२, ५५, ५८, ५९ आणि ६३ हजार असे आकडे मिळाले. सरासरी काढू नका, मधला आकडा धरा : ५८. एखाद्या हौशी मालकाने ७५ हजार लिहिले असतील तर सरासरी उगाच वर जाते, मधला आकडा हलत नाही. आणि हे सगळे ‘मागितलेले’ भाव आहेत, मिळालेले नव्हेत.

दुसरी ओळ विम्याची. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून रक्कम असते, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची आजची किंमत. चार ते पाच वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीच्या ५० टक्के घसारा धरून ती काढतात; तीन ते चार वर्षांना ४० टक्के, दोन ते तीनला ३०. तुमच्या गाडीची आयडीव्ही ४० हजारांच्या आसपास निघेल. शाइन किंवा स्प्लेंडरसारख्या चालत्या गाड्या आयडीव्हीच्या वरच विकल्या जातात, त्यामुळे हा काही विक्रीचा भाव नव्हे. पण मागणी आयडीव्हीच्या दीडपटीपलीकडे गेली की कारण सांगायची जबाबदारी डीलरची. ६४ हजार पलीकडेच आहे.

‘मालकाने एवढ्याला घेतली होती’ हा युक्तिवाद मात्र कानाआड करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १२८ रुपयांची वस्तू ११८ ला, म्हणजे शोरूम किंमत पावणेआठ टक्क्यांनी उतरली. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते, पण काही दुकानांतली पाटी अजून जुन्या हिशेबात आहे. ३५० सीसीच्या वर उलटे झाले. तिथे कर ४० टक्के झाला, म्हणून मोठ्या जुन्या गाड्यांचा भाव चढा सांगतात, आणि त्यात थोडे तथ्य आहे.

तिसरी ओळ खर्चाची, आणि खरी घासाघीस हिच्यावर होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात : ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीचा मागचा टायर मूळचाच असेल तर ३१ हजारांनंतर तो बदलायला आलेला असणार : २,२०० रुपये. चेन-स्प्रॉकेट किट मजुरीसह १,६००. पहिली बॅटरी पाचव्या वर्षात असेल तर तिचे दिवस भरलेत : १,३००. ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक लायनर मिळून ९००. हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या गावातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात विचारून स्वतःचे घाला. बेरीज सहा हजार.

५८ मधून ६ गेले, उरले ५२. हा तुमचा मनातला भाव. सुरुवात ४८ पासून करा आणि ५३ ला थांबा, त्यात नाव लावून देण्याचा खर्च आला पाहिजे. बोलताना नुसते ‘अजून कमी करा’ म्हणू नका. त्या वाक्याला डीलरकडे तयार उत्तर असते. ‘मागचा टायर २०२१ चा आहे, बावीसशे’ या वाक्याला नसते. एकेक ओळ वाचा, प्रत्येक ओळीवर त्याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ द्या, मग बेरीज सांगा.

डीलर म्हणेल, ‘टायर मीच टाकून देतो.’ तसे असेल तर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या सालचा, हे बिलावर लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्या गाडीचा उतरवलेला टायर काळे पॉलिश मारून येतो. शक्यतो पैसेच कमी करून घ्यावेत.

त्याला कितीला परवडते हे जाणून घ्यायचे असेल तर दुसऱ्या गावच्या डीलरला फोन करा आणि विचारा, ‘अशी शाइन विकायची आहे, कितीला घ्याल?’ ४३ किंवा ४४ असे काहीतरी उत्तर येईल. तो जवळपास तुमच्या डीलरचा खरेदीभाव. वर धुलाई, सर्व्हिसिंग, जागेचे भाडे आणि अडकलेल्या पैशाचे व्याज. सहा-सात हजार त्याला राहू द्या. त्याच्याखाली ओढलेला भाव बहुतेक वेळा कागदपत्रांच्या खर्चातून परत वसूल होतो.

प्रश्न : ओळखीचा मेकॅनिक नाही. स्वतः पंधरा मिनिटांत काय तपासता येईल? — एक वाचक, बार्शी

उत्तर : बरेच. जाण्यापूर्वी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर चावी मागण्याआधी इंजिनाच्या पंखांना (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांना) हात लावा. कोमट लागले तर डीलरने गाडी आधीच तापवली आहे आणि त्याला तसे कारणही असणार. थंड इंजिन खरे बोलते : स्टार्टर किती फिरवावा लागतो, आवाज कसा, धूर कोणता.

चालू होताना निळसर धूर येऊन अर्ध्या मिनिटात थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेले असावेत. ते काम मध्यम खर्चाचे. रेस देताना दर वेळी निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगा गेल्या, म्हणजे हाफ इंजिनचे काम. १२५-१५० सीसीला ते सहा ते नऊ हजारांत जाते आणि तेवढी रक्कम सरळ भावातून वजा करायची. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ मात्र पाण्याची असते, तिला घाबरू नका.

पुढचे चाक वर उचलून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यावर ‘टक्’ करून खाचेत बसल्यासारखे झाले तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेला. फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाची रिंग लागली तर ऑइल सील. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर किट संपला आहे. चेन नुसती ढिली असणे वेगळे, ती ताणून घेता येते.

अपघाताच्या खुणा रंगाखाली लपतात, पण टोकांवर राहतात. क्लच आणि ब्रेक लिव्हरची गोल टोके, फूटरेस्टची टोके, सायलेन्सरची बाहेरची बाजू, आरशांचे दांडे पाहा. एका बाजूला घासलेले असेल तर गाडी उभ्या-उभ्या किंवा हळू पडली, बहुतेकांची पडते. चिंता वेगळ्या ठिकाणी असते. हँडल पूर्ण वळवले की ते जिथे अडते तो फ्रेमवरचा छोटा लोखंडी ठोकळा बघा. तो चेपलेला असेल, किंवा हँडलखालच्या नळकांड्याजवळ रंगाला बारीक तडे असतील, तर समोरून मोठी धडक झालेली आहे. अशा गाडीला भाव करत बसू नये.

बीएस-६ गाडी असेल (१ एप्रिल २०२० पासूनच्या विक्रीतल्या सगळ्या) तर चावी फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. न विझणे वाईट. मुळात न लागणे त्याहून वाईट : कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

शेवटी चॅसिस नंबर. मोबाइलचा टॉर्च लावून आरसीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबरही. अक्षरांची ओळ वाकडी, खोली कमीजास्त किंवा आसपास ताजा रंग दिसला तर ‘विचार करून सांगतो’ म्हणून बाहेर पडा.

प्रश्न : २०१७ ची पल्सर १५०, मीटरवर फक्त १४ हजार. डीलर म्हणतो मालक बाहेरगावी असायचे. खरे धरावे का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मीटर एकटाच साक्षीदार असेल तर धरू नका. १४ हजारांत टायर संपत नाहीत, त्यामुळे टायरवरचे साल बघा. दोन्ही २०१६-१७ चे आणि रबर कडक झालेले असेल तर गोष्ट जुळते (टायर तरी बदलावेच लागतील). दोन्ही २०२१ नंतरचे असतील तर कोणीतरी पहिली जोडी झिजवली आहे. वयामुळेही टायर बदलतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका, पुढे चला.

पुढच्या डिस्कच्या कडेवर नख फिरवा. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्याला आणि कडेला स्पष्ट पायरी लागली तर १४ हजार नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिककडचा व्हर्नियर लावून किती उरली ते कळते. गिअरच्या लिव्हरचे रबर, ब्रेक पेडलवरच्या रेघा, ड्रायव्हरच्या फूटरेस्टचे रबर, किल्लीचे झिजलेले दात. या बारीक वस्तू बदलायचे कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि एवढ्या जुन्या गाडीला सगळीच रबरे कोरी असतील तर तीही खूणच.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर विचारा. २०२० मध्येच १९ हजार नोंदलेले असतील तर वाद संपला. मालकाच्या हातूनच ही माहिती सहज मिळते, म्हणून डीलरला म्हणा की मालकाशी फोन जोडून द्या.

मीटर फिरवलेला निघाला तर ‘मग कमी करा’ म्हणून सौदा पुढे नेणारे पुष्कळ असतात. जो आकडा फिरवतो त्याच्या बाकीच्या शब्दांचे काय, हे तुम्हीच ठरवा. घ्यायचीच असेल तर ५० हजार किलोमीटर चाललेली समजून भाव करा.

प्रश्न : साताऱ्यात एमएच-१० पासिंगची २०१८ ची गाडी बाजारभावापेक्षा १२ हजार स्वस्त मिळते आहे. पुरातली असेल का? — एक वाचक, वाई

उत्तर : सांगलीचे पासिंग हा काही गुन्हा नाही. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत सांगली-कोल्हापूरच्या हजारो दुचाक्या पाण्यात होत्या, २०२१ मध्ये चिपळूणच्याही. १२ हजारांची सूट कोणी प्रेमाने देत नाही.

धुतलेल्या गाडीतही गाळ उरतो. सीट काढून खालचा फोम दाबा आणि वास घ्या. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ पाहा. हेडलाइट उघडून वायरींचे कपलर (प्लास्टिकचे जोड) सोडवा : आत पिवळट माती किंवा तांब्यावर हिरवी बुरशी दिसली तर गाडी बुडालेली आहे. मीटरच्या काचेआड बाष्प, फोर्कच्या नळीवर रबराखाली गंजाची सरळ आडवी रेघ, मागच्या ड्रममध्ये गंजाचे पोपडे हेही बघा.

अशी गाडी आज चालू होते, अडचण नंतर येते. कपलरमधला गाळ ओल धरून ठेवतो, तांबे गंजते, जोड तापतो. मग कधी फ्यूज उडतो, कधी चार्जिंग बंद, आणि दर वेळी मेकॅनिक वेगळा पार्ट बदलतो. चाकांच्या बेअरिंगांचे आणि मॅग्नेट कॉइलचेही तसेच. दुरुस्तीचा खर्च किती, हे आधी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून भावातून किती वजा करायचे हेही ठरत नाही. सोडून द्या.

प्रश्न : डीलर ‘आरटीओचे साडेचार हजार वेगळे’ म्हणतो. किंवा म्हणतो, मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन जा, नाव तुम्ही लावा, साडेचार हजार वाचतील. काय करावे? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : मोटारसायकलच्या हस्तांतराचे शुल्क केंद्रीय नियमांत १५० रुपये आहे. वर स्मार्ट कार्ड आणि टपाल. कर्जाचा बोजा असेल तर त्याचे वेगळे. बाकीचा आकडा एजंटाची धावपळ आणि डीलरचा दुसरा नफा. त्यामुळे पहिल्या वाक्यापासून ‘नाव लागून हातात किती?’ असाच भाव बोला. गाडीवर तीन हजार सोडून कागदांवर साडेचार कमावण्याची वाट बंद होते.

कोरे सही केलेले फॉर्म घेऊन गाडी घरी नेण्याची चूक करू नका. मालकाची सही जुळली नाही, त्याने मोबाइल बदलला, तो वारला किंवा परगावी गेला की तुम्ही अडकता. आधार पडताळणीने ऑनलाइन हस्तांतर करायचे तर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. मालक आधीच वारलेला असेल तर २९-३० चालतच नाहीत. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी आली पाहिजे. ‘सही आहे ना त्यांची’ असे डीलर म्हणाला तर तारीख विचारा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओचा अधिकृत परवाना घेण्याचा नियम आहे. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने ऑनलाइन कळवले जाते, आणि तिथून पुढे डीलरच मालक मानला जातो. म्हणून दुकानात विचारण्याचा प्रश्न एकच : ‘हिचा २९-सी भरलाय का?’ भरला असेल तर मूळ मालकाला शोधत बसावे लागत नाही, आणि थोडा जास्त भाव देण्यात अर्थ आहे. नसेल तर मूळ मालकाशी तुमचे समोरासमोर किंवा फोनवर बोलणे झाल्याशिवाय टोकन देऊ नका.

मालकालाही नाव लवकर उतरायला हवे असते, हे लक्षात ठेवा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे ठाऊक असलेला मालक आरटीओत स्वतः येतो.

पैसे देण्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा : मालकाचा क्रम, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसीची तारीख जुनी असेल तर नवी आणायला लावा. ई-चलान थकले असतील तर ती रक्कम डीलरने भरायची किंवा भावातून जायची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का तेही बघा. तिचे दुचाकीचे शुल्क जीएसटीसह ५३१ रुपये आहे, पण ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्या. तिसऱ्या व्यक्तीचे संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय टिकत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे ‘५० टक्के बोनसवाली पॉलिसी आहे’ याचे पैसे देऊ नका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून २०२१ च्या गाडीचा तो २०२६ मध्ये संपतो. ‘विमा चालू’ म्हणजे किती महिने, हे विचारा.

आता रक्कम. पाच हजार रुपये मागे ठेवा आणि बिलावर लिहून घ्या : ‘बाकी रु. ५,०००, नोंदणी खरेदीदाराच्या नावावर दिसल्यावर देय.’ विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, तेव्हा महिनाभराची मुदत रास्त आहे. याला नकार देणाऱ्या डीलरकडे चहा पिऊन परत या.

प्रश्न : म्हापशाला भाड्याने फिरलेली क्लासिक ३५० सावंतवाडीपेक्षा ३० हजार स्वस्त मिळते. घ्यावी का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तीस हजारांतले किती तुमच्या खिशात राहतात ते मोजा. गोव्यात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दुचाकींना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. अशी गाडी आधी खासगी वर्गात बदलून घ्यावी लागते, तेही विकणाऱ्याने आणि गोव्यातच. मग तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी. मग महाराष्ट्रात नवा नंबर आणि गाडीच्या वयानुसार इथला कर. गोव्यातल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज करून आणि वाट पाहून. सिंधुदुर्गच्या आरटीओत मॉडेल आणि साल सांगून कराचा आकडा आधी काढा, नंतरच म्हापशाला फोन करा. बदल आणि एनओसी झालेली नसेल तर टोकनही नको.

यंत्राचे पाहायचे तर भाड्याच्या गाडीवर रोज नवा हात पडतो. क्लच अर्धा दाबून चढ चढवलेला असतो, म्हणून तिसऱ्या गिअरवर एकदम रेस द्या : इंजिन ओरडले पण वेग चढला नाही तर क्लच प्लेटा गेल्या. सप्टेंबर २०२१ आधीच्या ३४६ सीसीच्या जुन्या इंजिनात सेल्फ मारताना ‘खर्रर्र’ असा दात घसरल्यासारखा आवाज आला तर स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग, गेला. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारत राहिल्याने तो जातो आणि त्यासाठी इंजिनाची डावी बाजू उघडावी लागते. नंतरच्या ३४९ सीसीच्या इंजिनाची रचना वेगळी आहे. दोन्हींचा भाव एकाच पारड्यात तोलू नका. समुद्राकाठच्या हवेने रिमच्या तारा आणि सायलेन्सरची आतली बाजू आधी गंजते, तिथे टॉर्च मारा.

प्रश्न : डीलरच कर्ज करून देतो : ५० हजार, १२ टक्के फ्लॅट, २४ हप्ते. बँकेचा दर याहून जास्त आहे. मग हेच घ्यावे ना? — एक वाचक, चाकण

उत्तर : नाही, ‘फ्लॅट’ या शब्दात मेख आहे. दोन वर्षांचे १२ हजार व्याज, हप्ता २,५८३ रुपये. पण तुम्ही दरमहा मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारांवर आकारले जाते. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. बँक १६ टक्के घटत्या दराने देत असेल तर बँक स्वस्त. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना कर्जासोबत मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो एकच आकडा ताडून पाहा. कर्जावर डीलरला कमिशन मिळते. म्हणून भाव पूर्ण ठरेपर्यंत ‘रोख की हप्ता?’ याला ‘अजून ठरवलं नाही’ एवढेच उत्तर द्या.

प्रश्न : ५२ हजारांवर १८ टक्के जीएसटी वेगळा मागितला. — एक वाचक, लातूर

उत्तर : जुन्या गाडीवर जीएसटी डीलरच्या फरकावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. दर २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के आहे. ४४ ला घेऊन ५२ ला विकली तर कर आठ हजारांवर, म्हणजे १,४४०. तुमच्याकडून ९,३६० मागण्याला आधार नाही. डीलरची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला हा कर घेताच येत नाही. नंबर मागा, बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते.

प्रश्न : मोठ्या साखळी दुकानांत ‘फिक्स रेट’ असतो. तिथे काय बोलायचे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : किमतीवर वेळ घालवू नका. हस्तांतर, एक सर्व्हिस, दुसरी किल्ली, नवी बॅटरी यांवर बोला. वॉरंटी देत असतील तर तिच्यातून काय वगळले आहे ते आधी वाचा. क्लच प्लेटा, चेन आणि बॅटरी बहुधा वगळलेलीच असतात. तोंडी कबुली बिलावर उतरली पाहिजे. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही.

प्रश्न : घ्यायला कोणता महिना बरा? — एक वाचक, अहमदपूर

उत्तर : दसरा-दिवाळीला नव्या गाड्या घेणारे जुन्या एक्स्चेंजमध्ये देतात, त्यामुळे दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी दुकाने भरलेली असतात. डिसेंबरच्या शेवटी डीलरला घाई असते, कारण १ जानेवारीला त्याची प्रत्येक गाडी एका वर्षाने जुनी होते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख दोन्ही असतात. ‘२०२० ची’ म्हणून विकलेली गाडी २०१९ मध्ये बनलेली निघू शकते. मार्च २०२० मध्ये बीएस-४ चा साठा संपवताना असे पुष्कळ झाले. भाव उत्पादनाच्या सालाने करा.

पितृपंधरवड्यात वाहन घेणे बरेच जण टाळतात आणि दुकानात माशी हलत नाही. तुम्हाला त्याचे काही वाटत नसेल तर त्या पंधरा दिवसांतला मंगळवार-बुधवार गाठा, रविवार नको. टोकन हजाराच्या वर देऊ नका, आणि पावतीवर ‘कागदपत्रे न जुळल्यास परत’ हे चार शब्द लिहून घ्या.